पोटाचा डॉक्टर होईपर्यंत

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर केले आहे.)



समितीने आम्हांला विषय दिला तो असा की, आपल्या वस्तीतल्या मुलाने पोटाच्या आणि लिव्हरच्या आजाराचा स्पेशालिस्ट व्हायचे तर काय काय करावे लागते, ते सांगा. आम्हांला व्यासपीठावरून बोलायची सवय नाही. दवाखान्यात एका पेशंटला दहा मिनिटे मिळतात, त्यातली सात पेशंटच बोलतो. इथे पाऊण तास आम्हीच बोलायचे आहे, तेव्हा चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

आणखी एक. 'आम्ही' हा शब्द आम्ही मोठेपणासाठी वापरत नाही. बारावी झाल्यापासून डी.एम. पास होईपर्यंत आम्हांला पंधरा वर्षे लागली. ती पंधरा वर्षे आई, बाबा, दादा आणि आम्ही अशा चौघांनी मिळून काढली. नावापुढे डिग्री एकाच्या लागली, एवढेच.

आमच्या शाखेचे नाव गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी. नाव तोंडात बसत नाही म्हणून वस्तीत आम्हांला 'पोटाचा डॉक्टर' म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. अन्ननलिका, जठर, लहान-मोठे आतडे, यकृत म्हणजे लिव्हर, पित्ताची पिशवी, स्वादुपिंड, हे सगळे आमच्याकडे. ऑपरेशन करणारे पोटाचे सर्जन वेगळे. आम्ही औषधे देतो आणि तोंडातून किंवा शौचाच्या जागेतून दुर्बीण घालून आत बघतो, जमेल तेवढे आतल्या आत दुरुस्तही करतो. आमच्याकडे येणारे निम्मे लोक 'गॅस डोक्यात चढतो' म्हणून येतात. गॅस डोक्यात चढत नाही हे पटवताना आमची सगळी विद्या खर्ची पडते, ती गोष्ट निराळी.

ही शाखा आम्ही का घेतली ते सांगायचे तर १९९५ सालापर्यंत मागे जावे लागेल. दिवाळी नुकतीच झाली होती, आम्ही शाळेत होतो. आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, गिरणीत कामाला होते. वय पंचेचाळीसच्या आसपास. इथे बसलेल्या वयस्क मंडळींना ते आठवत असतील. या विहाराची पहिली खोली बांधली तेव्हा विटा वाहणाऱ्यांत ते होते. रात्री जेवण झाले, थोड्या वेळाने त्यांना मळमळले आणि रक्ताची उलटी झाली. मोठ्या आईने घमेले पुढे केले, ते भरले. सायकलरिक्षात घालून दवाखान्यात नेले. पहाटे ते गेले. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर 'सिरॉसिस' लिहिले आणि बाबांना विचारले, "किती प्यायचे?" बाबा म्हणाले, "पीत नव्हते साहेब." डॉक्टर म्हणाले, "सगळे असंच सांगतात."

दुसऱ्या दिवशी हे वाक्य वस्तीभर झाले. कोणी तोंडावर बोलले नाही. पण 'लपून घेत असेल', 'रोज पंचशील म्हणायचा आणि बघा' अशी कुजबूज आम्ही लहान असूनही ऐकली. मोठी आई पुढे दोन-तीन वर्षे विहारात वंदनेला आली नाही. कोणाला दोष द्यायला आम्ही हे सांगत नाही. आम्हांला स्वतःलाही तेव्हा वाटले होते, की पीत असतील.

२००१ साली सी.ई.टी. देऊन आपल्या नागपूरच्या मेडिकलला आमचा नंबर लागला. मराठी माध्यमातून गेलेलो, पहिल्या टर्ममध्ये ॲनाटॉमीत नापास झालो. पुस्तक समोर, डिक्शनरी मांडीवर, अशी वाचनाची तऱ्हा. घरात एकच खोली, म्हणून या विहाराच्या मागच्या खोलीत रात्री एकपर्यंत अभ्यास केला. ती ट्यूबलाइट आजही तशीच फडफडते, समितीने ती बदलावी अशी जाहीर विनंती आहे. दुसऱ्या वर्षाला असताना बाबांची गिरणी बंद पडली. भारत सरकारची शिष्यवृत्ती होती म्हणून फी निभावली. पण शिष्यवृत्तीचे पैसे कधी वेळेवर येत नाहीत, आणि मेस तर महिन्याच्या महिन्याला पैसे मागते. दादाने बी.कॉम. सोडले आणि चौकात एस.टी.डी.चा बूथ टाकला. मोबाइल आल्यावर तो बूथही बसला. मग झेरॉक्स. दादाचे शिक्षण अर्धवट राहिले ते राहिलेच. आमच्या डिग्रीचा हिशेब कोणी विचारला, तर त्यात हे मांडावे लागेल.

एम.बी.बी.एस. म्हणजे साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. ते संपल्यावर घरचे, शेजारचे सगळे म्हणाले, "अजून किती शिकशील रे बाबू? चौकात दवाखाना टाक ना आता." म्हणणे चुकीचे नव्हते. घरात पैसा नव्हता. आम्ही जवळजवळ गाळा बघितला होता.

पण सरकारी कॉलेजातून शिकल्यावर एक वर्ष सरकारी सेवेचे बंधपत्र असते. ते वर्ष आम्ही गडचिरोली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर काढले. पावसाळ्यात एका गावात काविळीची साथ आली. विहिरीत घाण पाणी उतरले होते. लोक आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे जात. तो नाकात पाल्याचा रस टाके, चुन्याच्या पाण्यात हात धुववी, पाणी पिवळे झाले की म्हणे, बघा, उतरली. बहुतेक लोक बरे होत, कारण पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते, आणि श्रेय त्याला जाई. पण एक बाई सात महिन्यांची गरोदर होती. तिला चौथ्या दिवशी आमच्याकडे आणले तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचण्याआधी गाडीतच गेली.

तिचा आजार पुढे आम्ही नीट शिकलो. हिपॅटायटिस ई. तो पाण्यातून पसरतो, इतरांना सहसा सोडून देतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गाठले तर जिवावर बेततो. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेचे सांडपाणी मिसळलेले पाणी नळांना आले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो हाच आजार होता, हे साठवून ठेवलेले रक्त तपासून कित्येक वर्षांनी कळले. गडचिरोलीत आमच्या खिशात यातले काहीच नव्हते. सलाईन होते आणि ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचा नंबर होता. त्या गाडीतून परत येताना चौकातल्या गाळ्याचा विचार सुटला.

एम.डी. मेडिसिन तीन वर्षांचे. ते आम्ही २००८ ते २०११ मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात केले. त्याबद्दल फार सांगत नाही. झोप नाही, डेंग्यू, मलेरिया, टी.बी., हार्ट अटॅक, एका खाटेवर दोन पेशंट, खाली जमिनीवर तिसरा. निवासी डॉक्टरला विद्यावेतन मिळते, त्यामुळे घरी पैसे पाठवता येऊ लागले, हा मोठा दिलासा. त्यानंतर पुन्हा एक वर्ष बंधपत्राची सेवा.

मग डी.एम. या पायरीवर आपल्या पालकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. एम.बी.बी.एस.ला आणि एम.डी.ला आरक्षण आहे. डी.एम.च्या, म्हणजे सुपर स्पेशालिटीच्या जागांना जातीचे आरक्षण लागू नाही. देशभरात जागा मोजक्या आणि स्पर्धा खुली. आमच्या वेळी प्रत्येक संस्थेची परीक्षा वेगळी होती. आज या शहरात, पुढच्या आठवड्यात त्या शहरात, जनरल डब्याने जाऊन पेपर द्यायचा. २०१७ पासून बहुतेक संस्थांसाठी एकच परीक्षा झाली, नीट सुपर स्पेशालिटी. आम्ही २०१२ साली तीन परीक्षा दिल्या, तिन्हींत नाही लागलो. २०१३ ला लागलो, दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेत.

पहिल्याच आठवड्यात तिथल्या एका वरिष्ठाने आडनाव विचारले, गाव विचारले, आणि म्हणाले, "कोट्यातून आलास का?" डी.एम.ला कोटा नसतो हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. आम्ही म्हणालो, "नाही सर," आणि दुर्बीण धुवायला घेतली. त्यांचे मत पुढे बदलले की नाही, माहीत नाही. तीन वर्षे बरोबर काम केले. चांगले शिकवायचे, हेही सांगितले पाहिजे.

दुर्बीण म्हणजे एंडोस्कोप. बोटाएवढी जाड, मीटरभर लांब, काळी वाकणारी नळी, टोकाला कॅमेरा आणि दिवा. डाव्या हातात दोन चाके, त्यांनी टोक वर-खाली, डावी-उजवीकडे वळते. उजव्या हाताने नळी पुढे-मागे. डोळे पडद्यावर. पहिले कित्येक महिने हात ऐकत नाहीत. डावीकडे जायचे म्हणून उजवीकडे जाता, पेशंटला ओकारी येते, सिस्टर रागावते. पूर्वी ताठ नळ्या होत्या, पेशंटला मान मागे टाकून तलवार गिळल्यासारखे पडावे लागे. वाकणारी काचतंतूंची दुर्बीण १९५७ साली अमेरिकेत डॉ. बेसिल हर्शोविट्झ यांनी वापरली, आणि पहिल्यांदा ती स्वतःच्याच घशातून उतरवली. आमच्या शाखेत अशी माणसे बरीच. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. बॅरी मार्शल यांनी जठराच्या अल्सरला एक जंतू कारण आहे हे सिद्ध करायला १९८४ साली तो जंतूच पिऊन टाकला. आधी कोणी विश्वास ठेवला नव्हता. २००५ साली त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळाले. पेशंट घाबरला की आम्ही हर्शोविट्झची गोष्ट सांगतो. थोडा उपयोग होतो.

रक्ताच्या उलटीचा पहिला पेशंट आम्ही स्वतःच्या हाताने हाताळला तो पहाटे तीन वाजता. चाळिशीचा रिक्षावाला. पोटातून, आतड्यांतून येणारे सगळे रक्त आधी यकृतातून जाते. यकृत आकसून कडक झाले की त्या रक्ताला वाट राहत नाही. नाला तुंबला की पाणी जसे आपल्या गल्लीत शिरते, तसे ते आडवाटेने अन्ननलिकेच्या खालच्या शिरांत शिरते. शिरा फुगतात, आणि एखाद्या रात्री फुटतात. दुर्बिणीच्या टोकाला रबराच्या बारीक रिंगा असतात. फुगलेली शीर आत ओढून घ्यायची आणि रिंग सोडायची. पाच रिंगा लावल्या. रक्त थांबले. आम्ही बाहेर व्हरांड्यात येऊन बसलो आणि घमेले डोळ्यांपुढे आले.

ही झाली एक गोष्ट. आता दुसरी, आणि हीच सांगायची म्हणून आम्ही आज समितीला 'हो' म्हणालो.

तिथे आठवड्यातून एक दिवस हिपॅटायटिस बी ची ओ.पी.डी. असे. हा विषाणू १९६० च्या दशकात अमेरिकेचे डॉ. बारूख ब्लुमबर्ग यांच्या संशोधनातून सापडला. त्यांना १९७६ ला नोबेल मिळाले आणि त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हा आता जागतिक हिपॅटायटिस दिन आहे. हा बी पाण्यातून पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून, एकाच्या वस्तऱ्या-ब्लेडमधून, न उकळलेल्या सुईतून आणि मुख्य म्हणजे बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. मोठ्या माणसाला झाला तर बहुतेक वेळा निघून जातो. जन्मतः झाला तर शंभरातल्या नव्वद बाळांत तो कायमचा राहतो. वीस वर्षे, चाळीस वर्षे काही त्रास नाही. माणूस धडधाकट, गिरणीत पाळ्या करतो. आतून यकृत कडक होत जाते. कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी ही फार उशिरा येते.

आमचे शिक्षक एक नियम पाळायला लावत: बी चा पेशंट आला की घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासायचे. आम्ही आठ महिने रोज लोकांना हेच सांगत होतो. "तुमच्या आईची तपासणी झाली? भावांची?" आठ महिने. एक दिवस एका बाईने सांगितले की सासूच्या पोटात पाणी झाले होते आणि दीर रक्त ओकून गेला, आणि आमच्या हातातले पेन थांबले. आमची आजी पोटात पाणी होऊन गेली होती. घरात 'करणी' म्हणत.

त्याच रात्री दादाला फोन केला. बाबा, काका आणि आत्या यांचे रक्त तपासून घे म्हणालो. काकांचे निगेटिव्ह. बाबांचे पॉझिटिव्ह, आत्याचे पॉझिटिव्ह. आत्याचे यकृत मशीनवर मोजले तर कडक व्हायला लागले होते. दोघांनाही कधी कावीळ झाली नव्हती, दोघांनीही कधी दारूला हात लावला नव्हता. हे आम्ही दोघांची परवानगी घेऊन सांगत आहोत.

२०१४ च्या दिवाळीत सुटी काढून आलो आणि मोठ्या आईकडे गेलो. सगळे समजावून सांगितले. आजीकडून तिच्या मुलांना गेले असणार. मोठ्या बाबांचे रक्त आता तपासायला नाही, म्हणून कागदावर सिद्ध करता येणार नाही, पण आई, भाऊ, बहीण बघता डॉक्टर म्हणून आमचे मत हेच आहे, की त्यांचा सिरॉसिस दारूचा नव्हता. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मले तं तवाच माहीत होतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "विहारात सांगशील?"

आम्ही हो म्हणालो. मग डी.एम.ची परीक्षा, मग नोकरी, मग दवाखाना. मोठी आई २०१९ साली गेल्या. त्यांच्या देखत सांगायचे राहून गेले. आज सांगितले.

पिणाऱ्यांना हसण्यासाठी हे सांगितले नाही, हेही लक्षात असू द्या. दारूने लिव्हर खराब झालेले आमच्याकडे खूप येतात आणि आपल्या वस्तीतलेही येतात. वस्तीतले सगळ्यात उशिरा येतात, कारण समाज काय म्हणेल म्हणून घरचेच लपवतात. सोडली तर लिव्हर पुष्कळदा सावरते, वेळेवर सोडली तर. शिवाय आता साखर आणि पोटाचा घेर यांनी, म्हणजे चरबीने खराब झालेली लिव्हर दारूच्या बरोबरीने दिसू लागली आहे. तेव्हा 'सिरॉसिस' शब्द ऐकला की 'किती प्यायचा' हा प्रश्न गल्लीने विचारू नये, तो आमच्यावर सोडावा.

आता पालकांसाठी. बारावीला अठरा वय धरा. साडेपाच वर्षे, बंधपत्राचे एक, एम.डी.ची तीन, पुन्हा एक, डी.एम.ची तीन, त्यात परीक्षांच्या तयारीची एक-दोन वर्षे मिसळा, तेहेतीस-चौतीस येते. डी.एम. ऐवजी मोठ्या खाजगी रुग्णालयांत डी.आर.एन.बी. नावाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तोही त्याच परीक्षेतून मिळतो. जात वैधता प्रमाणपत्र अकरावीतच काढायला टाका. ऐन प्रवेशाच्या वेळी कागद नाही म्हणून रडलेली मुले आम्ही बघितली आहेत. मुलीला 'लग्नाचं वय निघून जाईल' म्हणून एम.डी.नंतर थांबवू नका. आणि धाकट्याच्या डिग्रीसाठी थोरल्याचे शिक्षण तोडू नका, कर्ज काढा, हातउसने घ्या, काहीही करा. दादा समोर बसला आहे, तो 'गप रे' म्हणतो आहे, पण हे बोलायचेच होते.

आणि तपासणीचे. बी ची लस बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत द्यायची, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना इतर लसींबरोबर. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. बाळंतपण कुठेही करा, पहिला डोस दिला का हे सिस्टरला विचारा. २०१८ पासून सरकारचा हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात बी आणि सी ची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. सी तर आता बहुतेकांचा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बी सहसा जात नाही, पण ज्यांना गरज आहे त्यांना रोजच्या एका गोळीने तो दाबून ठेवता येतो. ज्यांच्या घरी कोणी पोटात पाणी होऊन किंवा रक्त ओकून गेले आहे, त्यांनी लाजू नये. पुढच्या रविवारी सकाळी विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही बसणार आहोत, रक्त घेऊ.

आत्याला रिपोर्ट आला तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला होता, "माझं ताट वेगळं ठेवू का?" नाही. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, कडेवर नातू घेतल्याने हा आजार लागत नाही. तरी काही नातेवाइकांनी वर्षभर तिच्या हातचा चहा टाळला. आता पितात.

बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, गोळी रोज रात्री बातम्या सुरू झाल्या की घेतात. आत्या तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, लिव्हरमध्ये गाठ होत नाही ना ते बघायला. यावेळची मंगळवारी आहे. आत्या, उपाशीपोटी ये, चहासुद्धा नको.